शेल्यातला हात

मु. वडाचीवाडी, ता. वाळवे
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सन १९४५

चि. सौ. राही,

हातातलं काम आधी खाली ठेव आणि मग वाच. सासऱ्याचं पत्र आलं म्हणून चुलीपुढं उभ्याउभ्या वाचशील आणि भाकरी करपवशील.

तुला अक्षरं मीच शिकवली, खळ्यावरच्या धुळीत बोटानं गिरवून. गुंडाची लढाईवरची पत्रं कुणीतरी घरात वाचून दाखवावी, एवढाच त्यात माझा मतलब. मला मात्र कुणी शिकवलं नाही. गुळाच्या ढेपांवर व्यापारी नावं घालायचे, ती बघूनबघून मी लिहायला लागलो. म्हणून माझी अक्षरं अजून ढेपेसारखीच जाडजूड येतात. तुला ती लागतात, बाहेरच्याला लागायची नाहीत. तेव्हा मनातलं लिहायला हरकत नाही.

तुझा भाऊ बाळासो गाडी घेऊन आला, तू बोचकं उचललंस आणि मी गोठ्यात वैरण टाकत राहिलो. त्या वेळी गोठ्यात मला काही काम नव्हतं, हे तुलाही ठाऊक आहे.

गुंडा बरा आहे. जेवतो, खातो. इटलीतल्या गोळीनं उजव्या कुशीतल्या बरगड्या मोडल्या, पण पुण्याच्या लष्करी दवाखान्यातल्या डॉक्टरनं त्याला मरणाच्या दारातून ओढून आणलं. त्या माणसाच्या हाताला यश देणाऱ्या देवाला माझा रोज नमस्कार असतो. पण पोरगा श्वास खांद्यानं घेतो, राही. दर श्वासाला दोन्ही खांदे कानाकडं जातात, जसं कुणी मानगुटीला धरून वर उचलतंय. ओसरीवर बसला की उजवीकडं कलतो, आणि कुणी बघितलं की उठून आत जातो.

पेरणीचं पोतं त्याला उचलेना म्हणून तू हात लावलास, तो त्यानं झटकला आणि चारचौघांत म्हणाला, "तू जा तुज्या म्हायेरी, मला मानूस म्हनून उभं ऱ्हाऊ दे." ते मी ऐकलं होतं. पण त्यानंतर तो काय म्हणाला ते तू ऐकलं नाहीस. तुझी गाडी ओढ्यापलीकडं गेल्यावर मला म्हणाला, "आबा, चैती पुनवंला आपली काठी मी धरनार. धरली तर सोता कवठ्याला जाऊन तिला आनीन. न्हाई धरली, तर काठीचा मान बी जाऊ दे लालासाहेबाच्या घरात, नि ती बी तिच्या म्हायेरातच बरी."

आता हे त्याचं डोकं. जोतिबाच्या डोंगराला निघणारी आपली सासनकाठी तू नवी सून आलीस त्या साली बघितलीस, गुंडानंच धरली होती. नारळाच्या झाडाएवढा उभा कळकाचा बांबू, तोल सांभाळायला चार बाजूंना दोऱ्या, आणि सगळा भार एका माणसाच्या कमरेच्या शेल्यात. धडधाकट गड्याचे डोळे पांढरे होतात.

म्हणून मी आणि मोहिद्दीननं ठरवलंय. मोडकं चाक दोरीनं आवळतात तसं आजपासून त्याच्या छातीपोटाला काठीचा शेला घट्ट आवळून बांधायचा. मोहिद्दीन पिंजारी असला तरी त्याची तालीम जुनी, त्याला कळतं. तू काळजी करू नकोस.

तुझा,
नाथाजी

पौष वद्य द्वितीया

चि. सौ. राही,

तुझं पत्र मिळालं. एवढ्या मोठ्या कागदावर एक ओळ. "तुम्ही लिहिता, ते का लिहीत नाहीत?" मी ते गुंडाच्या पुढ्यात ठेवलं. त्यानं वाचलं, घडी घातली आणि पटक्यात खोवलं. कागद मला परत दिला नाही, हे लक्षात घे.

मागच्या पत्रात मी लिहिलं, तू काळजी करू नकोस. ते खोटं होतं. काळजी करण्यासारखंच चाललं होतं. शेला आवळायला लागल्यापासून तो आणखी वाकला. मोहिद्दीन म्हणायचा, "दम छातीत कोंड रं, दातावर दात धर, नि उचल." पोरगा दम कोंडायचा, तोंड तांबडंलाल व्हायचं आणि चिपाडाचा भारासुद्धा उचलत नव्हता.

आपलं गुऱ्हाळ चालू आहे. परवा काहिलीतला गूळ वाफ्यात ओतला आणि तो निवायच्या आत गुंडानं कालची ढेप उचलायला हात घातला. उचलली, आणि तसाच आडवा झाला. मी आणि मोहिद्दीननं त्याला चिपाडाच्या ढिगावर उताणा टाकला. मोहिद्दीनला गाठ सुटेना. मी विळ्यानं शेला कापला. हो, काठीचा शेला, माझ्या आजाच्या वेळचा. तुझी सासू अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

आणि मग जे दिसलं, त्यासाठी हे पत्र.

शेला सुटला आणि पोरगा श्वास घ्यायला लागला, पण खांदे जागचे हलले नाहीत. पोट वर आलं, खाली गेलं. मग डावीकडच्या खालच्या बरगड्या बाजूला उघडल्या. कोंबडी पिल्लांवर पंख उचलते ना, तशा. मिटल्या, पुन्हा उघडल्या. मी इतकी वर्षं माणसांत वावरलो, तालमीत घाम गाळला, पण माणसाची बरगडी पंखासारखी उघडते, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तो पिंजरा. पिंजरा कसला, राही. ते घरटं आहे, आणि आत काहीतरी जिवंत बसलंय.

पण उजवी बाजू मुकी होती. गोळीची जागा. तिथं काहीच हलत नव्हतं, जणू ती बाजू अजून इटलीतच होती.

मी तिथं हात ठेवला. का ठेवला, सांगता येत नाही. पोरगा चालायला लागल्यापासून मी त्याच्या अंगाला असा हात लावला नसेल. दाबला नाही, नुसता ठेवला. आणि माझ्या तळव्याखाली, आधी अगदी बारीक, मांजरीनं पाय टाकावा तसं काहीतरी आलं. थांबलं. परत आलं, जरा मोठं. मी मोहिद्दीनला म्हणालो, "तुजा हात आन." त्यानं ठेवला आणि डोळे मोठे करून माझ्याकडं बघितलं. "नाथा, ह्ये हाताकडं येतंय रं," म्हणाला. "हाक मारल्यावानी येतंय."

गुंडानं डोळे उघडले आणि विचारलं, "काय करताय दोघं? जीत्ता हाय मी."

त्याला हसताना धाप लागली. पण तो हसला.

नाथाजी

माघ शुद्ध त्रयोदशी

चि. सौ. राही,

तू विचारलंस, रोज काय करताय. सांगतो, आणि मग तू मला वेडा म्हण.

सकाळी त्याला घोंगड्यावर उताणा निजवतो, गुडघे वर. पोटावर शाळूनं भरलेलं मापटं ठेवतो. श्वासाबरोबर मापटं वर आलं पाहिजे, खाली गेलं पाहिजे, आणि दाणा सांडता कामा नये. मग कुशीवर वळवतो, दुखरी बाजू वर, आणि मी हात ठेवून बसतो. पहिल्यांदा त्याला लाज वाटायची. आता मी विसरलो की तोच म्हणतो, "आबा, हात."

मला तर नादच लागलाय. वासरू झोपलं की त्याची कूस बघतो. दुपारी तुझी सासू कलंडली होती, तिच्या पोटाकडं बघत बसलो. ती जागी झाली. म्हणाली, "आवं, काय बघतायसा? मेली का काय ते?" मी म्हणालो, "न्हाई, बरुबर चाललंय." त्यावर तिनं मला काय ऐकवलं, ते सुनेला लिहिण्यासारखं नाही. पण शेला कापल्यानंतर पहिल्यांदाच बोलली.

मग उचलण्याचं. आपण सगळे कमरेतून मोडून वाकतो, ढेप लांब ठेवतो आणि पाठीनं ओढतो. गुंडाला ते जमणारच नव्हतं, तिथं बरगड्यांचा आधारच नाही. त्यामुळं दुसरी वाट शोधावी लागली. बाजेवर बसायला जातो तशी कंबर मागं न्यायची. टाचा भुईत रोवायच्या. ढेप लेकरासारखी पोटाशी घ्यायची. आधी श्वास खाली पोटात, कुशीत, सगळीकडं भरायचा, आणि उठताना तो हळूहळू सोडायचा, फुंकणीनं चूल फुंकतो तसा.

मोहिद्दीनला हे पटेना. "दम सोडला तर जोर कुठनं यील? फुटक्या पखालीत पानी ऱ्हातं व्हय?" तालीमभर भांडला. मी म्हणालो, "बरं, तुजं खरं." आणि त्याच्या दारात जाऊन बसलो. तो कापूस पिंजायला बसला. धनुकली टांगलेली, हातात लाकडी मोगरा, आणि तो धनुकलीच्या ताणलेल्या तातीवर ठोका देतोय. ठोका, टणत्कार, कापूस उडतोय. मी नुसता ऐकत होतो. थोड्या वेळानं म्हणालो, "मोहिद्दीन, ठोक्याबरुबर तू तोंडानं काय करतूस?"

"काय करतू?"

"मार ठोका."

त्यानं मारला. हूं. परत मारला. हूं. मोगरा हातात तसाच धरून तो थांबला. अंगावर, मिशांवर कापूस बसलेला. जन्मभर हा माणूस प्रत्येक ठोक्याला श्वास सोडत आला होता आणि त्यालाच पत्ता नव्हता.

"माजा बा सुदा असंच करायचा," म्हणाला. मग मिशांवरचा कापूस झाडला आणि हलक्या आवाजात बोलला, "नाथा, ह्ये कुनी शिकवलं रं आपल्याला?"

आपण आपल्या अंगात एखाद्या पाहुण्यासारखे राहतो, राही. सोप्यात बसतो, चहा पितो आणि आत माजघरात कोण राबतंय ते आपल्याला कधी दिसत नाही.

काल गुंडानं ढेप उचलून गाडीत ठेवली. एकट्यानं. खांदे खालीच होते. ठेवल्यावर त्यानं इकडंतिकडं बघितलं, कुणीतरी बघायला हवं होतं असं. मी होतो, मोहिद्दीन होता. आम्ही नव्हे, ते मला कळलं.

नाथाजी

फाल्गुन वद्य चतुर्थी

चि. सौ. राही,

आज तुझ्याकडं मागणं आहे.

गुंडा आता ताठ चालतो. काठी धरायची रंगीत तालीम म्हणून आम्ही वेशीबाहेर नुसता कळक उभा केला, तुरा-निशाण काही न लावता. मी कापलेला शेला तुझ्या सासूनं शिवून दिला होता. लालासाहेब बघायला आला. गुंडाला जमलं नाही तर काठीचा मान त्याच्या घराला जायचा, त्यामुळं येणारच. पण माणूस वाईट नाही, कळकाचं एक टोक त्यानंच धरलं.

शेला मोहिद्दीननं बांधला. काठीच्या वेळी बांधतात तसा, गुंडाच्या पाठीला गुडघा लावून, जीव खाऊन आवळला. कळकाचा बुंधा शेल्यात बसला, गुंडा दोन पावलं चालला, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचे खांदे कानाकडं निघाले. पुन्हा तेच. एवढी मेहनत, ते मापटं, ती कूस, सगळं त्या शेल्याखाली गुदमरलं. त्यानं कळक हळूच खाली ठेवला. लालासाहेब "ऱ्हाऊ दे रं गड्या" म्हणाला, मायेनंच म्हणाला, पण ते ऐकून गुंडा मळ्याकडं निघून गेला.

मी घरी येऊन डोकं धरून बसलो. शेला बांधला तर श्वास कोंडतो. न बांधावा तर काठीला आधार नाही, कंबर मोडेल. तुझी सासू सूप घेऊन निवडत बसली होती. खाली मान घालूनच म्हणाली, "बांधताना हात कुनी घातला हुता?"

"कसला हात?"

"आवं, शेल्यात. गाठ मारताना बायकूचा हात आत असतुया. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

मला माहीत होतं, राही. तो रिवाज आहे. काठी धरणाऱ्याची बायको शेल्याखाली कुशीवर तळवा ठेवते, मग गाठ बसते, मग ती हात काढते. तुझाही हात होता त्या साली, आणि बांगडी अडकून फुटली म्हणून पोरी हसल्या होत्या. मी तो आपला मांगल्याचा रिवाज समजत होतो. हळदीकुंकवासारखा.

मी विचारलं, "हात कशासाटी?"

"माज्या सासूनं सांगितलेलं. आत घ्या म्हनायचं, त्यांनी श्वास घेतला की गाठ मारायची. हात सुळकन निगाला पायजे. अडाकला तर सोडायची, परत बांधायची. न्हाईतर देव आत कुठनं यील?" मग सूप पाखडलं आणि म्हणाली, "तुमी काठी नाचवायचा तवा त्यात माज्या हाताची जागा असायची. तुमाला वाटायचं, जोर तुमचा."

"व्हय," मी म्हणालो. "वाटायचं."

पोरी, मी उठून बाहेर आलो. मला घरात बसवेना. शेला आवळण्यासाठी नसतो. त्यात एका तळहाताची जागा ठेवायची, आणि त्या जागेत माणसानं श्वास भरून शेल्याला आतून रेटायचं. शेला बाहेरून धरतो, श्वास आतून धरतो, आणि त्या दोघांच्या मध्ये काठी उभी राहते. ज्या बाईनं हे पहिल्यांदा केलं असेल तिचं नाव कुणाला ठाऊक नाही. तिनं नवऱ्याला समजावून सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं नसतं. म्हणून तिनं त्याचा रिवाज करून टाकला असावा. मला तसं वाटतं. मी तिला रस्त्यातच हात जोडले, आणि समोरून तेली येत होता, त्याला वाटलं त्यालाच. त्यानंही जोडले.

हात आईचा चालत नाही. बायकोचाच लागतो, तुझी सासू यावर हटून बसली आहे. मी तुला ये म्हणत नाही. झटकलेला हात परत पुढं करायचा की नाही, ते तुझं तू ठरव. खालच्या चार ओळी माझ्या नाहीत, अक्षरावरून कळेलच.

नाथाजी

*राहीस,*
*आबांनी सगळं लिहिलंय. काठी धरल्यावर तुला आणीन, असं मी म्हणालो होतो. ते उलटं होतं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कवठ्याला येतो. स्टेशनापासून घरापर्यंत चालत येईन. धाप लागली तर वाटेत बसेन, पण येईन. तू नाही म्हणालीस तर पाणी पिऊन परत फिरेन.*
*गुंडा*

चैत्र वद्य प्रतिपदा, सन १९४६

चि. बाळासो यास,

तू तुझ्या बहिणीसाठी रागावला होतास, ते मला आवडलं. गुंडा तुझ्या दारातल्या लिंबाखाली धापा टाकत बसला होता आणि तू त्याच्याकडं न बघता गोठ्यात गेलास, हेही मला राहीनं सांगितलं. गोठ्यात तुला काम नव्हतं, ते मला इथं बसून कळतं. पण ती पाणी घेऊन बाहेर आली, आणि दुसऱ्या दिवशी गाडी तूच जुंपून दिलीस. म्हणून काठीची हकिकत तुला कळवणं माझं काम.

काठी दारातून निघाली. गुंडानं ती वेशीपर्यंत नेली, हलगीवर पाऊल टाकत, गुलालात भिजून. मोहिद्दीन समोरच्या दोरीला होता. दोरीवाल्यानं काठीकडं बघायचं असतं. तो सबंध वेळ गुंडाच्या खांद्यांकडं बघत होता आणि ओरडत होता, "खाली! खाली!" नव्या माणसाला वाटलं, काठी खाली घ्या म्हणतोय. दोनतीन जण धावलेसुद्धा.

वेशीतल्या वडापाशी गुंडा थांबला. लालासाहेबाला म्हणाला, "आता तू घे रं. माजा दम इथवरच हाय आज." मला वाटलं, त्याचा चेहरा उतरेल. नाही उतरला. घामानं, गुलालानं लालभडक, आणि पाळण्यातल्या पोरासारखा निवांत. सकाळी आमच्या दारात शेला बांधताना, हात नसला तर देव आत येत नाही, हे गुंडाच्या आईचं बोलणं लालासाहेबानं ऐकलं होतं. त्यानं काठी घ्यायच्या आधी स्वतःचा आवळलेला शेला सोडला आणि गर्दीत बायकोला हाक मारली. ती लाजून येईना. "ये की," म्हणाला, "मला बी आत देव पायजे." सगळी मिरवणूक तिच्या हातासाठी वडाखाली उभी राहिली. चांगभलंचा गजर झाला तो तेव्हा.

काठी डोंगराला गेली. हे दोघं घरी मागं राहिले.

पण मला तुला लिहायचं होतं ते त्याच्या आधीचं, सकाळचं, दारातलं. गुंडा उंबऱ्यापुढं उभा होता. राहीनं बांगड्या कोपराकडं सारल्या, मागल्या खेपेची आठवण असावी, आणि शेल्याखाली हात घातला. उजव्या कुशीवर, थेट गोळीच्या जागेवर. एवढ्या माणसांत. कुणी हसलं नाही.

"आत घ्या," ती म्हणाली.

त्यानं घेतला.

"खांदं खाली."

त्यानं केले. तिच्या सासूनं गाठ मारली. मग राहीनं हात हळूच ओढला, तो अडकला नाही. शेला आणि अंग यांच्यात तिच्या तळव्याएवढी पोकळी राहिलेली मला माझ्या जागेवरून दिसली. बघताबघता ती भरली.

तुझा,
नाथाजी